घराचे मूल्य ठरवण्याचा परवाना: कोणता, कोणाकडून, आणि त्याआधी काय शिकायचे

नाशिक जिल्ह्यातील एका स्थापत्य अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी 2016 मध्ये सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षे साइटवर काम केले, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन 2021 मध्ये पदवी मिळवली आणि तेव्हापासून ते एका बांधकाम कंपनीत नोकरी करत आहेत. आता त्यांना घरे, फ्लॅट आणि बंगले यांचे मूल्यांकन करणारा व्यावसायिक व्हायचे आहे. परवाना कोण देतो, डिप्लोमानंतरची वर्षे अनुभवात धरतात का, क्लास आत्ताच लावावा का, आणि परवाना मिळाल्यावर बँकांची कामे सुरू होतात का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी पुण्यात गेली वीसहून अधिक वर्षे हेच काम करत आहे आणि माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुले हेच चार प्रश्न घेऊन येतात. ते चारही योग्यच आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि आधी तो दूर करणे आवश्यक आहे. वाहन चालवण्याचा जसा एक परवाना असतो, तसा घरांचे मूल्यांकन करण्याचा एकच परवाना आपल्याकडे नाही. आपल्याकडे वेगवेगळ्या कायद्यांखालील दोन नोंदण्या आहेत आणि तिसरी गोष्ट म्हणजे बँकांचे पॅनेल, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्यांची (व्हॅल्युअरांची) प्रत्येक बँकेची स्वतःची यादी. या तिन्हींची दारे स्वतंत्र आहेत. एकातून आत गेल्याने दुसरे आपोआप उघडत नाही, आणि आपल्याला ज्या प्रकारचे काम करायचे आहे त्यावरून कोणते दार आधी ठोठवायचे हे ठरते.

पहिली नोंदणी कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 खालची. या कलमाखालचे नियम 18 ऑक्टोबर 2017 रोजी आले आणि त्यांच्या अंमलबजावणीचे काम भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे ज्याला आपण सगळे आयबीबीआय म्हणतो त्या संस्थेकडे देण्यात आले. या नियमांत मालमत्तेचे तीन वर्ग आहेत: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. आपला संबंध पहिल्या वर्गाशी. कंपनी कायद्याखाली आणि नादारी संहितेखाली जेथे मूल्यांकन लागते, तेथे या नोंदणीशिवाय काम करता येत नाही. एखादी कंपनी नादारीच्या प्रक्रियेत गेली की तिच्या मालमत्तेचे रास्त मूल्य आणि परिसमापन मूल्य (कंपनी मोडीत काढून विकली तर येणारी किंमत) काढण्यासाठी दोन नोंदणीकृत व्हॅल्युअर नेमावे लागतात, ती कामे या नोंदणीवर मिळतात.

दुसरी नोंदणी बरीच जुनी आहे. संपत्ती कर कायदा 1957 च्या कलम 34एबी खाली आयकर विभाग ही नोंदणी देत आला आहे. संपत्ती कर स्वतः 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, त्यामुळे अनेक जण ही नोंदणी निरुपयोगी समजतात. प्रत्यक्षात तसे नाही. सरफेसी कायद्याखाली बँक तारण मालमत्ता विकायला काढते तेव्हा ज्या मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्यांकन घ्यावे लागते, त्याची व्याख्या 2002 च्या नियमांत याच कलम 34एबी च्या नोंदणीवर बेतलेली आहे. भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी जुन्या घराचे 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य काढून देण्याचे काम, जे आमच्यासारख्या निवासी मालमत्तांवर काम करणाऱ्यांचे वर्षभराचे काम आहे, तेही परंपरेने याच नोंदणीवर चालत आले आहे. मात्र येथे अट कडक आहे. साधारणपणे पदवीनंतर दहा वर्षांचा अनुभव लागतो. मूल्यांकन विषयातील पदव्युत्तर पदवी असेल तर ही अट बरीच शिथिल होते. आयकराचा नवा कायदा 2025 मध्ये संमत झाला असल्यामुळे अर्ज करण्याच्या वेळी लागू असलेले नियम आणि नमुने पाहूनच अर्ज करावा.

आता आपल्या पात्रतेकडे वळतो. आयबीबीआयच्या नोंदणीसाठी जमीन व इमारत या वर्गात स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतील पदवी लागते आणि त्या पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव लागतो. "पदवीनंतर" या शब्दावर आपला दुसरा प्रश्न निकालात निघतो. डिप्लोमानंतरची आपली साइटवरची दोन वर्षे, कितीही मोलाची असली तरी, या मोजणीत येत नाहीत. आपली मोजणी 2021 मध्ये पदवीचा निकाल लागल्यानंतर सुरू होते, म्हणजे पाच वर्षे 2026 च्या मध्याच्या आसपास पूर्ण होतात आणि नोकरीत खंड पडला असेल तर तेवढी पुढे जातात. पदव्युत्तर मार्गाने ही अट तीन वर्षांची होते, परंतु त्यासाठी मूल्यांकनाचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम अपेक्षित आहे. दूरशिक्षणाचे किंवा सहा महिन्यांचे प्रमाणपत्र दाखवून अनुभवाची अट कमी होईल असे कोणी सांगत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी मूळ नियम स्वतः वाचावेत. पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार असेल तर गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाने या विषयात फार पूर्वीपासून काम केले आहे, आमच्या पिढीतील अनेक चांगले व्हॅल्युअर तेथून शिकून आले.

एक दिलासा देणारी बाब म्हणजे हा अनुभव मूल्यांकनाचाच असला पाहिजे असे नियम म्हणत नाहीत, तर संबंधित विद्याशाखेतील अनुभव असे म्हणतात. साइट इंजिनिअर, बिलिंग किंवा इस्टिमेशनचे काम, नियोजन, देखरेख हे सर्व यात बसू शकते. अडचण येते ती पुराव्याची. कंपनीच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र हवे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचे सगळे बरोबर होते, फक्त त्याच्या पहिल्या मालकाने काम बंद करून गाव बदलले होते. दीड वर्षाचा अनुभव सिद्ध करायला त्याला पगाराच्या नोंदी असलेली बँकेची जुनी खातेपुस्तिका आणि भविष्य निर्वाह निधीचा उतारा शोधत फिरावे लागले. आपण ज्या दिवशी हे उत्तर वाचाल त्याच आठवड्यात आपल्या कंपनीकडून आजवरच्या सेवेचे पत्र मागून ठेवावे, नोकरी सोडण्याची वाट पाहू नये.

पात्रता पूर्ण झाल्यावरचा क्रम ठरलेला आहे. आयबीबीआयकडे थेट जाता येत नाही, आधी तिने मान्यता दिलेल्या एखाद्या नोंदणीकृत व्हॅल्युअर संघटनेचे, म्हणजे आरव्हीओचे सदस्य व्हावे लागते. ती संघटना पन्नास तासांचा शैक्षणिक अभ्यासक्रम घेते. तो पूर्ण झाला की मूल्यांकन परीक्षेला बसता येते. परीक्षा संगणकावर दोन तासांची आणि बहुपर्यायी असते, उत्तीर्ण होण्यासाठी साठ टक्के गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश गुण कापले जातात. उत्तीर्ण झाल्यावर संघटनेमार्फत अर्ज करायचा, व्यक्तीसाठी अर्जाचे शुल्क पाच हजार रुपये आणि त्यावर कर. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंदणीचा अर्ज करावा लागतो, अन्यथा ती परीक्षा ग्राह्य राहत नाही. नोंदणीनंतर काम सुरू करण्यासाठी संघटनेचे व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावे लागते.

क्लास आत्ताच लावावा का, या प्रश्नाचे उत्तर या क्रमातच आहे. नियमाप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी पात्रता आणि अनुभव दोन्ही आधी पूर्ण असावे लागतात. पाच वर्षे व्हायच्या आधी क्लासला पैसे भरून उपयोग नाही, कारण वाचलेले परीक्षेपर्यंत शिळे होते. त्याऐवजी अभ्यासक्रमातील जे विषय अभियंत्याला परके असतात ते आत्ता हळूहळू वाचायला घ्यावेत. माझ्या अनुभवात सिव्हिलची मुले घसाऱ्यात (वयामुळे घटणाऱ्या मूल्याच्या हिशेबात) किंवा बांधकाम खर्चात अडकत नाहीत. ती कायद्यात, हिशेबशास्त्रात, अर्थशास्त्रात आणि संख्याशास्त्रात गुण घालवतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, नोंदणी कायदा, भाडेकरार आणि भाडेपट्टा यांतील फरक, भूसंपादनाचा 2013 चा कायदा, रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा, हे रोज थोडे वाचले तर वर्षभरात अंगवळणी पडते. चुकीला गुण कापले जातात म्हणून अंदाजाने ठोकण्याची सवय मोडावी. सोडवलेल्या प्रश्नसंचांवर विसंबून एका महिन्यात परीक्षा देणारे उत्तीर्ण होताना मी पाहिले आहेत, परंतु पुढे कामात तेच कोठे अडतात हेही पाहिले आहे.

नोकरीबद्दल आपण विचारले नाही, पण ते विचारायला हवे होते. व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मूल्यांकनाचा व्यवसाय करायचा आणि दुसरीकडे पगारी नोकरीही चालू ठेवायची, हे जमणारे नाही. परीक्षा नोकरीत असताना देता येते. व्यवसाय सुरू करण्याचा दिवस मात्र आपल्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. आपल्यावर किती जण अवलंबून आहेत, किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, यांवरून ते ठरवावे. पहिले वर्ष दीड वर्ष या व्यवसायात उत्पन्न अनियमित असते आणि बँका आपली फी अनेकदा महिन्या-दोन महिन्यांनी देतात.

बँकांच्या कामाचे काय? घरांच्या मूल्यांकनाचे सर्वाधिक काम गृहकर्जातून येते, आणि ते काम नोंदणीने नव्हे तर पॅनेलने मिळते. प्रत्येक बँक, पतसंस्था आणि गृहवित्त कंपनी आपले पॅनेल स्वतः ठरवते. कोणी आयबीबीआयची नोंदणी मागते, कोणी कलम 34एबी ची, कोणी दोन्ही. बहुतेक ठिकाणी व्हॅल्युअरच्या अनुभवानुसार त्याने किती रकमेपर्यंतच्या मालमत्तेचे काम करावे याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, त्यामुळे नवख्याला सुरुवातीला लहान फ्लॅट आणि लहान रकमाच मिळतात, आणि ते योग्यच आहे. पॅनेलवर जागा रिकामी होणे हे शहरावर अवलंबून आहे. पुण्यात किंवा ठाण्यात रांग मोठी असते. सिन्नर, निफाड, मालेगाव यांसारख्या ठिकाणी जाऊन काम करायची तयारी असलेला, सातबारा नीट वाचता येणारा माणूस बँकांना खरोखर हवा असतो. आपण नाशिकचे आहात, ही आपली जमेची बाजू समजावी. आरंभी नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्याकडे अर्ज करावेत. तेथे व्यवस्थापकाला प्रत्यक्ष भेटता येते आणि काम चांगले असेल तर ते लवकर लक्षात येते.

आता मला ज्या मुद्द्यासाठी हे उत्तर लिहावेसे वाटले तो मुद्दा. आपल्या नियमांत पन्नास तासांचे वर्ग मोजले जातात, साइटवरची पाच वर्षे मोजली जातात, पण आपण किती घरांचे मूल्यांकन एखाद्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केले हे कोणी मोजत नाही. अमेरिकेत निवासी मालमत्तेच्या परवान्यासाठी एकशे पन्नास तासांचे शिक्षण आणि देखरेखीखाली केलेल्या मूल्यांकनाच्या कामाचे किमान एक हजार तास नोंदवहीत दाखवावे लागतात. आपल्याकडे अशी वही कोणी मागत नाही, म्हणून ती आपण स्वतः ठेवायची. हे काम उमेदवारीशिवाय येत नाही आणि नोंदणीचे पत्र हाती पडण्यापूर्वीच ती उमेदवारी करून घ्यावी, हे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंतचा जो काळ आहे, त्याचा खरा उपयोग हा आहे.

मला हे कसे उमगले ते सांगतो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षी एका बँकेने मला शहराबाहेरच्या एका लेआउटमधील बंगल्याचे काम दिले. कर्जदाराच्या माणसाने मला जागेवर नेले, मी टेप धरून प्लॉट मोजला, बंगला मोजला, फोटो काढले. बँकांच्या अहवालात चतुःसीमेचे, म्हणजे चारही बाजूंना काय आहे याचे, दोन रकाने असतात, एक "दस्ताप्रमाणे" आणि दुसरा "प्रत्यक्ष जागेवर". मी जागेवर पाहिलेल्या सीमा दोन्ही रकान्यांत लिहिल्या, कारण माणूस विश्वासाचा वाटला आणि क्षेत्रफळ जवळपास जुळत होते. बँकेच्या वकिलांनी अहवाल परत पाठवला. दस्तात प्लॉटच्या पूर्वेला प्लॉट क्रमांक 13 होता आणि माझ्या अहवालात पूर्वेला नऊ मीटर रस्ता. मला चुकीचा प्लॉट दाखवला गेला होता, आणि मी दस्ताचा तो परिच्छेद उघडून न पाहता अहवालावर सही केली होती. कर्ज वाटले गेले नव्हते म्हणून नुकसान टळले. त्या दिवसापासून मी जागेवर जाण्यापूर्वी दस्तातील चतुःसीमा वहीत हाताने उतरवतो, जागेवर उत्तर दिशा होकायंत्राने पाहतो, आणि वीजबिलावरील नाव, घरपट्टीचा क्रमांक आणि शेजाऱ्याने सांगितलेले नाव हे तीनही जुळल्याशिवाय टेप काढत नाही. माझ्याकडचा प्रत्येक उमेदवार पहिले तीन महिने फक्त हेच करतो.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. फ्लॅटच्या मूल्यांकनातील सर्वांत महाग चूक दराची नसते, ती क्षेत्रफळाच्या प्रकाराची असते. रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, परंतु आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून उरणारे वापराचे क्षेत्र. त्याआधीच्या करारांत मात्र कोठे बिल्टअप (भिंतींसह), कोठे सुपर बिल्टअप (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा हिस्साही धरून), कोठे नुसतेच "क्षेत्र" लिहिलेले असते. समजा, फ्लॅटचे चटई क्षेत्र 600 चौरस फूट आहे आणि आपण शेजारच्या इमारतीतील विक्रीचा जो दर घेतला तो 720 चौरस फूट बिल्टअपवर काढलेला आहे. तो दर तसाच 600 ला लावला तर मूल्य सहाव्या हिश्श्याने कमी येते, आणि चटई क्षेत्राचा दर बिल्टअपला लावला तर वीस टक्क्यांनी जास्त. गणित अचूक दिसते, आकडा मात्र चुकीचा असतो. म्हणून तुलनेचा प्रत्येक व्यवहार आधी चटई क्षेत्रावर आणावा, मगच दर काढावा.

तुलनेचे व्यवहार आपल्याला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे इंडेक्स टू मध्ये मिळतात. त्या उताऱ्यावर दोन रकमा असतात: "मोबदला" आणि "बाजारभाव". नवख्या माणसाला वाटते की बाजारभाव म्हणजे बाजारातील भाव. तो प्रत्यक्षात वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून मुद्रांकासाठी काढलेला आकडा असतो. व्यवहार किती रकमेला झाला हे मोबदल्याच्या रकान्यात असते, आणि तोही डोळे झाकून घ्यायचा नसतो. घेणारा आणि देणारा नात्यातील आहेत का, अविभक्त हिस्सा विकला आहे का, घर भाडेकरूसह विकले आहे का, पार्किंग धरले आहे का, हे दस्त उघडून पाहिल्यावरच तो व्यवहार तुलनेला योग्य ठरतो. रेडी रेकनर हा मूल्यांकनाचा एक संदर्भ आहे, तो मूल्यांकनाचे उत्तर नव्हे.

बंगल्याचे एक उदाहरण जवळून पाहू. प्लॉट 200 चौरस मीटर, बांधकाम 150 चौरस मीटर, आरसीसी, वय 24 वर्षे. जमिनीचा दर तुलनेतून 30,000 रुपये प्रति चौरस मीटर आला, म्हणजे जमीन 60,00,000 रुपये. तसेच बांधकाम आज करायचे तर खर्च 22,000 रुपये प्रति चौरस मीटर, म्हणजे 33,00,000 रुपये. आरसीसी इमारतीचे एकूण आयुष्य 60 वर्षे आणि शेवटी उरणारे भंगारमूल्य दहा टक्के धरले, तर सरळ रेषेने घसारा येतो नव्वद टक्के गुणिले 24 भागिले 60, म्हणजे छत्तीस टक्के, म्हणजेच 11,88,000 रुपये. बांधकामाचे उरलेले मूल्य 21,12,000 आणि एकूण मूल्य 81,12,000 रुपये. हे गणित पाच मिनिटांचे आहे आणि परीक्षेत ते आपल्याला येईल. पण यातील 30,000 हा आकडा कोठून आला, या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी माझे दोन दिवस जातात. तुलनेतील एक प्लॉट कोपऱ्याचा होता, दुसरा बारा मीटर रस्त्यावर होता आणि हा सहा मीटरवर आहे, तिसरा दीड वर्षापूर्वीचा आहे, आणि एका सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन अशी नोंद असल्याने तो प्लॉट सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) यांशिवाय हस्तांतरितच होत नव्हता, म्हणून त्याचा दर कमी होता. यांपैकी प्रत्येक फरकासाठी किती टक्के वर किंवा खाली घ्यायचे हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते त्याच भागात पन्नास-शंभर व्यवहार स्वतः तपासल्यावर हाताला कळू लागते. तसेच 24 वर्षांच्या त्या बंगल्याच्या स्लॅबला खालून गळतीचे डाग असतील आणि कॉलमचे कव्हर सुटून सळई दिसत असेल, तर आयुष्य 60 वर्षे धरायचे की नाही हे कागद सांगत नाही. येथे आपली साइटवरची वर्षे, डिप्लोमानंतरचीसुद्धा, खरी कामाला येतात.

वहीबद्दल मी असे सुचवीन. आपल्या भागातील एखादे ज्येष्ठ व्हॅल्युअर शोधून सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाण्याची परवानगी मागावी. मानधनाचा आग्रह धरू नये, पण काम टेप धरण्यापुरते राहू नये याची काळजी घ्यावी. प्रत्येक घरासाठी वहीत एक पान करावे: दस्ताचा क्रमांक, क्षेत्रफळ कोणत्या प्रकारचे, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील फरक, बिनशेती आदेशाची तारीख, तुलनेचे तीन व्यवहार. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्येष्ठांचा आकडा ऐकण्यापूर्वी आपला आकडा त्या पानावर शाईने लिहावा. मग दोन्हींतला फरक का पडला ते त्यांना विचारावे आणि उत्तर खाली लिहावे. माझ्याकडच्या मुलांचा फरक सुरुवातीला पंचवीस-तीस टक्क्यांचा असतो, चाळीसेक घरांनंतर तो दहाच्या आत येऊ लागतो. मालकांची नावे आणि खाजगी तपशील या वहीत नकोत, कारण गोपनीयता ही या व्यवसायाची पहिली अट आहे. आपले अहवाल सुरू झाल्यावर मात्र प्रत्येक कामाची पूर्ण नोंद किमान तीन वर्षे जपून ठेवणे नियमाने बंधनकारक आहे.

दबावाबद्दल थोडे लिहितो, कारण तो पहिल्याच महिन्यात येतो. एजंट फोन करून सांगतो, "साहेब, पंचाऐंशीपर्यंत नेलं की लोन बसतंय." समोरच्या कुटुंबाला घर हवे असते, बँकेतील माणसाला फाइल संपवायची असते आणि आपल्याला पॅनेलवर टिकायचे असते. जो आकडा सांगितलेल्या रकमेवरून उलटा काढला जातो तो मूल्यांकन नसतो, आणि कर्ज थकल्यावर लिलावात ते घर साठ लाखांना जाते तेव्हा उरलेले देणे त्याच कुटुंबाच्या डोक्यावर राहते. कायद्यानेही ज्या मालमत्तेत आपला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नेमणुकीपूर्वी तीन वर्षांत होता किंवा नंतरच्या तीन वर्षांत येईल, तिचे मूल्यांकन करता येत नाही. आपण ज्या बांधकाम कंपनीत नोकरी करत आहात, तिच्या प्रकल्पांतील फ्लॅट त्यामुळे आपण पुढे बरीच वर्षे दूर ठेवावेत. ही बाब आपल्यासारख्या नोकरीतून आलेल्या माणसाच्या लक्षातून नेमकी सुटते.

1 एप्रिल 2001 च्या मूल्यांकनाविषयी एक सूचना, कारण घरगुती ग्राहक सर्वांत जास्त याच कामासाठी येतात. 2020 च्या दुरुस्तीपासून त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल तर रास्त बाजारमूल्य त्यापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणून 2001 च्या रेडी रेकनरची जुनी पुस्तके आपल्या विभागापुरती तरी मिळवून ठेवावीत. रद्दीच्या दुकानांत आणि जुन्या वकिलांच्या कपाटांत ती अजून मिळतात.

आपल्या चार प्रश्नांची उत्तरे एकत्र सांगायची तर अशी. निवासी घरांसाठी वेगळा परवाना नाही, आपल्यासाठी आधी आयबीबीआयची जमीन व इमारत वर्गातील नोंदणी आणि पुढे दहा वर्षांचा टप्पा आल्यावर आयकर विभागाची नोंदणी असा मार्ग योग्य राहील. डिप्लोमानंतरची वर्षे मोजली जाणार नाहीत. क्लासला पाच वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास बसावे, पण कायदा आणि हिशेबशास्त्राचे वाचन आत्ता सुरू करावे. बँकांची कामे नोंदणीने आपोआप येणार नाहीत, पॅनेलसाठी स्वतंत्र अर्ज करावे लागतील आणि आपण तालुक्याच्या ठिकाणी काम करायला तयार असाल तर ती लवकर मिळतील.

वहीची सुरुवात आपण राहता त्या घरापासून करावी. मालकीचे असो की भाड्याचे, घरमालकाची परवानगी घेऊन त्याच्या दस्तातील चतुःसीमा उतरवून घ्याव्यात, चटई क्षेत्र स्वतः मोजावे, त्या गावातील गेल्या वर्षभराचे इंडेक्स टू पाहावेत आणि आपला आकडा लिहावा. पहिले पान तयार झाले आणि त्यात कोठे अडले, तर नेमके अडलेले ठिकाण कळवावे. मी त्याचे उत्तर देईन.